आमच्या गल्लीचे फाटक

आमच्या घरमालकांना वेळ विचारली की ते घड्याळाकडे न बघता गाडी सांगत. "मेल गेली, पॅसेंजर यायची आहे," म्हणजे दुपारचे साधारण दोन. सिल्वासात रेल्वे नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही. जवळात जवळचा रूळ वापी-भिलाडकडे, आणि कितीही वारा सुटला तरी तिथली शिटी सिल्वासातल्या आमच्या डोकमर्डीपर्यंत ऐकू येणे शक्य नाही. पण त्यांनी उभी नोकरी डहाणूकडच्या एका रेल्वे फाटकावर काढली होती. निवृत्त झाले, डोकमर्डीत जागा घेतली, सहा खोल्यांची चाळ बांधली, एक खोली स्वतःला ठेवून बाकीच्या भाड्याने दिल्या. तरी डोक्यातले वेळापत्रक चालूच राहिले. त्यात गाड्या कमी पडू नयेत म्हणून त्यांनी बस घातल्या. सकाळी खानवेलहून येणारी बस म्हणजे 'खानवेल अप', संध्याकाळी कामगारांना घेऊन परत जाणारी 'खानवेल डाउन'. बसला उशीर झाला की ते येरझाऱ्या घालत आणि स्वतःशीच म्हणत, "सिग्नल मिळाला नसेल."

आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काका म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला काकी.

मी धुळ्याकडून सुताच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. खोली बघायला गेलो तेव्हा काका गल्लीच्या कडेला खाट टाकून बसले होते. अंगात रेल्वेचा निळा कोट, तोही भर उन्हाळ्यात. एक बटण तुटलेले. खिशातून शिटीची दोरी लोंबत होती.

"झोप कशी आहे तुझी?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"गाढ."

"मग फाटकावर टिकला नसतास."

"मी अकाउंट्समध्ये आहे."

"तिथं चालत असेल," ते म्हणाले आणि किल्ली काढली.

आतून काकींचा आवाज आला, "अहो, भाडं सांगा त्यांना आधी! झोप काय विचारता!"

मी हिशेबाचा माणूस आहे, म्हणून आधीच सांगतो. जे मी मोजले नव्हते त्याचा आकडा इथे देणार नाही. गल्लीतून ट्रक पुष्कळ जात, एवढे सांगितले तरी पुरे. कर माफ होता म्हणून मुंबईचे शेठ लोक सिल्वासात येऊन कारखाने काढत होते, आणि आमच्या गल्लीच्या आतल्या टोकाला असे तीन कारखाने उभे राहिले होते. त्यांच्या पाठीमागून बाहेरचा रस्ता जात होता; पण तो तेव्हा खडीचा होता आणि आमची गल्ली डांबरी. म्हणून तिन्ही कारखान्यांनी आपली दारे आमच्याकडे काढली. ट्रक आला की फळीवरची भांडी वाजत. माझी बायको पहिले काही दिवस कोणी आले असे समजून दार उघडायची.

त्यांतला एक कारखाना माझाच. तिथला ट्रक दिसला की काका खाटेवरून ओरडत, "भाऊ, तुझा पगार आला बघ, बाजूला हो!" एकदा ट्रकने माझ्या धुतलेल्या शर्टावर चिखल उडवला, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "पगारातून कापून घेतील."

फाटकाची सुरुवात मात्र पापडांपासून झाली. काकींनी खाटेवर पापड वाळत घातले होते. ट्रक वळला, त्याच्या मागे लोंबणारा दोर खाटेच्या पायात अडकला आणि खाट पापडांसकट कारखान्याच्या दारापर्यंत गेली. पापड जागचे हलले नव्हते, हे विशेष. कारखान्याचा पहारेकरी खाट डोक्यावर घेऊन परत आला आणि म्हणाला, "माल की बिल्टी नहीं है, वापस ले लो."

सगळे हसले. काका हसले नाहीत. ज्या जागेवरून खाट ओढली गेली तिथे रोज दुपारी चाळीतली लहान मुले खेळत.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी, चिंचेच्या झाडाखाली, आडवा बांबू आला. त्याला लाल-पांढरे पट्टे, बुडाला दगडांचे ओझे आणि टोकाला दोरी. बाजूला पाण्याचा माठ, आणि काका. बाहेर काढलेल्या खाटेच्या नवारीत त्यांनी दोन झेंड्या खोचल्या होत्या, एक लाल आणि एक हिरवी.

मी म्हणालो, "काका, हा सरकारी रस्ता आहे. ट्रकवाले ऐकतील का?"

"बघू या की," ते म्हणाले.

पहिला ट्रक आला आणि बांबूसमोर निमूट थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, नमस्कार केला आणि कागदांची पिशवी काकांच्या हातात दिली. मी थक्क झालो. पण थोडा विचार केला तर त्यात आश्चर्य नव्हते. आमचा केंद्रशासित प्रदेश एवढासा आहे की कुठल्याही दिशेने निघा, थोड्या वेळात एकतर गुजरात लागतो नाहीतर महाराष्ट्र, आणि प्रत्येक हद्दीवर नाका. ट्रकवाल्याचा सगळा दिवस आडव्या बांबूंसमोर थांबण्यात जायचा. बांबू कोणी बांधला हे तो विचारत नसे. सरकारी बांबू आणि खाजगी बांबू यांत नुसते बघून काही फरक कळतही नाही.

काकांनी कागद हातात घेतले आणि भुवया जवळ आणून वाचू लागले.

"काका, उलटे धरलेत," मी हळूच म्हणालो.

"सुलटे धरून मला काय कळणार आहे? त्याचं समाधान होतंय ना?"

ड्रायव्हरने विचारले, "कितना देना है, साब?"

"पानी पीने का. और आगे बच्चे है, आस्ते जाने का."

"बस?"

"बस."

ड्रायव्हरचा विश्वास बसला नाही. त्याने एक नोट पुढे केली. काकांनी खिशातून शिटी काढून त्याच्या कानाशी अशी वाजवली की क्लीनर टपावरून खाली बघू लागला.

त्या दिवसापासून प्रत्येक ट्रक थांबू लागला. कागद दाखवायचे, पाणी प्यायचे, मग हिरवी झेंडी. संध्याकाळी खानवेल डाउनच्या वेळेला मात्र बांबू खालीच राही. त्या सुमारास कारखान्यांतून कामगार सुटत आणि बस धरायला आमच्या गल्लीतून घोळक्याने निघत. ते सगळे पार होईपर्यंत ट्रकने, मग तो कोणाचाही असो, चिंचेखाली थांबायचे. ट्रकवाला घाई करू लागला तर काका त्याला आणखी एक पेला पाणी देत.

काकी दारातून टोमणा मारत, "जन्मभर फाटक उघडलं नि लावलं, तरी यांची हौस फिटली नाही. रेल्वेला सांगा, पेन्शन घेऊन जा आणि यांनाही घेऊन जा." हिरवी झेंडी कधी सापडत नसे, तेव्हा ती काकींनी पापडांवर झाकलेली असे.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. ट्रक वाढले. पहिल्यांदा मला तो माझाच गोंधळ वाटला, म्हणून मी चार-दोन ड्रायव्हरांना विचारले. एकजण म्हणाला, "बाबूजी, वापी में सब बोलते हैं, पानीवाले नाके से जाओ. ठंडा पानी, पेड़ की छाँव, और पैसा नहीं लेते." ज्यांचा माल दुसऱ्याच वस्तीतल्या कारखान्यांचा होता तेही वाकडी वाट करून आमच्याकडे येत होते. पाणी प्यायचे, चिंचेखाली चटई टाकायची, डबा खायचा. वाहतूक कमी करायला बांधलेल्या बांबूने गल्लीचा ट्रकतळ केला होता.

मी हे काकांना समजावून सांगितले. त्या दिवशी त्यांनी मेल आणि पॅसेंजर दोन्हींच्या वेळा चुकीच्या सांगितल्या.

"पाणी बंद करा," मी सुचवले.

"बांबू काढ म्हण. पाणी काढ म्हणू नको," ते म्हणाले. "तो तिकडून लुधियानावरून येतो. तहान त्याची, चूक माझी. त्याचं पाणी का तोडू?"

चाळीसमोर एक मोकळी जमीन होती, तीही काकांचीच. निवृत्तीचा फंड आला तेव्हा त्यांनी ती घेतली. तेव्हा तिथे शेळ्या चरत. पुढे सरकारने शहराचा आराखडा केला. नकाशात राहण्याच्या जागा पिवळ्या, शेती हिरवी आणि कारखान्यांच्या जागा जांभळ्या. आमची चाळ पिवळ्यात राहिली आणि समोरची जमीन जांभळ्यात गेली. काकांना हे कळले ते एका शेठजींकडून. ते मोटारीतून पेढे घेऊन आले होते.

"काका, तमे तो नसीबदार!" शेठजी म्हणाले. "जागा मला द्या. गेट इथेच, तुमच्या दारासमोर. बसल्या जागी करमणूक!"

काकींनी विचारले, "आणि ट्रक उभे कुठं करणार?"

"रस्त्यावर, बीजे क्यां? दुसरं कुठं?"

म्हणजे आमच्या ओट्यावर. काका म्हणाले, "विचार करून सांगतो," आणि पेढ्यांचा पुडा गल्लीतल्या मुलांना वाटून टाकला. शेठजी तो होकार समजून गेले. आत तीन कारखाने होते तेच पुरे होते. चौथा दारासमोर आला तर मुलांना घराबाहेर पाय टाकायची सोय उरणार नव्हती. जमीन काकांची होती. त्यांना काय म्हणणार?

मी एका कागदावर आकडेमोड केली आणि त्यांच्याकडे गेलो. ही जागा कारखान्याला विकली तर इतके, रंग बदलून घरांसाठी विकली तर इतके. निर्णय काहीही घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या, असे मी म्हणालो.

"आणि हा खालचा आकडा कसला?"

"फरक. घरांसाठी दिली तर तुमचा एवढा तोटा."

"हा माझ्याकडे होता कधी?"

"नाही."

"मग गेला कसा?"

मी इतकी वर्षे हिशेब लिहितो आहे. या प्रश्नाला कुठल्या रकान्यात घालायचे ते मला अजून सापडलेले नाही.

काकी चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "विकायची तर घरांनाच विका. सकाळी दार उघडल्यावर समोर कोणाची तरी चूल पेटलेली दिसू दे. गेट कसलं बघायचं?" मग पुढे म्हणाल्या, "पण विका. लेकीकडे जाऊ तेव्हा हातात काहीतरी असावं."

पण जागा जांभळी असेपर्यंत तिथे घरे बांधता येत नव्हती. म्हणून मी काकांच्या वतीने कचेरीला अर्ज लिहिला. समोरची औद्योगिक जमीन रहिवासी करावी आणि कारखान्यांचा रस्ता मागच्या बाजूने द्यावा, म्हणजे घरांजवळची ट्रकची वर्दळ थांबेल. दोन्ही जागांचे क्रमांक घातले, कुठली कुठे ते स्पष्ट केले. लिहून झाल्यावर तीनदा वाचला. माझी ती सवयच आहे.

उत्तर आले ते चाळीच्या मधोमध उभे राहून मीच मोठ्याने वाचले. आमच्या विनंतीचा विचार झाला होता. चाळ असलेली रहिवासी जागा औद्योगिक करण्यास तत्त्वतः हरकत नव्हती.

मग काकींनी विचारले, "म्हणजे मी आता फॅक्टरीत स्वयंपाक करते का?"

माझी बायको म्हणाली, "शिफ्ट किती वाजता सुटते ते विचारा."

काका आणि मी कचेरीत गेलो. तिथले कारकून कोकणातले, पान खाणारे, मनाने अगदी सरळ. त्यांना वाटले आम्ही आभार मानायला आलोय.

"बसा, काका, बसा. तुमचा अर्ज पार उलटा लिहिला होता हो कोणीतरी," ते म्हणाले. "परत पाठवणार होतो, पण म्हटलं म्हाताऱ्या माणसाला हेलपाटे कशाला? मीच दुरुस्त करून पुढे सरकवला."

"उलटा नव्हता तो," मी म्हणालो. "मीच लिहिला होता."

"अहो, जांभळ्याचं पिवळं लिहिलं होतंत तुम्ही!"

"तेच हवंय," काका म्हणाले.

कारकुनांनी चष्मा काढला. "काका, या टेबलावर सगळे हिरव्याचं जांभळं मागायला येतात. पिवळ्याचं जांभळं मागायला येतात. लोक काय काय युक्त्या करतात! जांभळ्याचं पिवळं कोणी मागितल्याचं मी बघितलं नाही. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. माझं जांभळं पिवळं करून द्या, आणि माझं पिवळं होतं ते मला परत द्या."

त्यांचा आवाज चढला होता. फाटकावर वाऱ्यात ओरडायची सवय असलेला तो आवाज. आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. तरुण होते, मुंबईचे. त्यांनी कागद बघितले, कारकुनांकडे बघितले, काकांच्या कोटाकडे बघितले.

"जागेची किंमत उतरेल, माहीत आहे?"

"याने लिहून दिलंय," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"मग मला जागा बघायला हवी. सोमवारी येतो," साहेब म्हणाले. "पण एक सांगतो, ट्रकचा खरंच त्रास आहे असं मला दिसलं तरच. असे अर्ज भांडणापोटीही येतात."

परत येताना मी काकांना विनवले की सोमवारी तेवढा बांबू काढून ठेवा. सरकारी रस्त्यावर आडवा बांबू घातला म्हणून अर्ज तर जाईलच, वर पोलिसात तक्रारही होईल. चाळ, समोरची जमीन, सगळेच त्या एका सोमवारावर अवलंबून होते.

"का? साहेबांची गाडी काय गाडी नाही?" काका म्हणाले.

"काका, माझ्यासाठी."

"बघू."

सोमवारी सकाळी मी बाहेर आलो तर बांबू जागेवर होता. ताजा रंग दिलेला.

जीप आली. तिचा ड्रायव्हर सरकारी असला तरी शेवटी ड्रायव्हरच. बांबू दिसताच थांबला आणि सवयीने कागद बाहेर काढले. मागच्या सीटवरून साहेबांनी विचारले, "हा कोणाचा नाका?"

काका पुढे झाले, सलाम केला आणि पाण्याचा पेला आत दिला.

"तुमचा? कोणत्या अधिकारात?"

मी मान खाली घातली. काका शांतपणे म्हणाले, "अधिकार नाही, साहेब. सवय आहे. जन्मभर गाडी आली की माणसं थांबवली. बाळंतीण थांबवली, शाळेची पोरं थांबवली, एकदा तर नवरदेव थांबवला घोड्यावर. गाडी पहिली, माणूस मागून, असा कायदा होता. आता एकदा माणसं आहेत म्हणून गाडी थांबवून बघतो. दुसरं काही नाही."

"हे बेकायदेशीर आहे," साहेब म्हणाले. पण उतरले आणि पाणी प्यायले.

जीप आत घेतली आणि तेवढ्यात आतून एक भरलेला ट्रक आला. जीपच्या मागे बाहेरून आणखी एक. समोरचा मागे सरकू शकत नव्हता, त्याच्या मागे तिसरा होता. जीप मध्ये अडकली, ती चांगलीच अडकली. ड्रायव्हर एकमेकांना हातवारे करू लागले. काकी चहा घेऊन आल्या. साहेब नाइलाजाने खाटेवर बसले, आणि काकांनी ही कोंडी आधीच ठरवून आणली होती की काय, असा संशय त्यांच्या तोंडावर मला दिसला. मला तो आजही आहे.

त्याच वेळी शाळेची मुले निघाली. दोन्ही बाजूंनी गल्ली बंद. मुले थांबली नाहीत. पहिला मुलगा सरळ ट्रकच्या पोटाखालून, चाकांच्या मधून, पाठीवरचे दप्तर वाचवत पलीकडे गेला. त्याच्यामागे दुसरा. मग दोन वेण्या घातलेल्या मुली, हसत. ट्रकचे इंजिन चालू होते.

साहेब उठून उभे राहिले. चहा त्यांच्या पँटवर सांडला. "बंद कर! इंजिन बंद कर!" ते ओरडले, आणि शेवटची मुलगी पलीकडे निघेपर्यंत तसेच हात वर करून उभे राहिले.

मग त्यांनी काकांना विचारले, "ही रोज अशीच जातात?"

"नाही, साहेब," काका म्हणाले. "रोज पळत जातात. आज तुम्ही बघताय म्हणून हळू गेली."

पुढचे कागदोपत्री काम व्हायला बराच वेळ गेला. किती ते मी सांगत बसत नाही, सरकारी कामाची ज्यांना कल्पना आहे त्यांना आहे. पण झाले. चाळ पुन्हा पिवळी झाली, समोरची जमीनही पिवळी झाली. बाहेरच्या रस्त्यावर डांबर पडले आणि कारखान्यांनी ट्रकसाठी मागच्या बाजूला नवी दारे काढावीत असे ठरले; कामगार मात्र पूर्वीसारखे गल्लीतूनच ये-जा करत राहिले. शेठजी एकदा येऊन गेले. या वेळी पेढे नव्हते. "काका, आवुं ते कोई करे?" असे म्हणून, असे कोणी करते का, या अर्थाने मान हलवत परत गेले. गल्लीच्या तोंडाशी जड वाहनांना बंदी असल्याचा बोर्ड लागला, आणि हुकुमात एक ओळ होती की योग्य तो अडथळा उभारावा. अडथळा उभारायला आलेल्या माणसांनी बघितले तर अडथळा हजर होता. ते सही करून परत गेले. काकांचा बांबू असा अधिकृत झाला. आठवडाभर काका कोटाची सगळी बटणे लावून बसले. तुटलेल्या बटणाच्या जागी काकींनी शर्टाचे लावून दिले.

तरी ट्रक येतच राहिले. बोर्ड बऱ्याच ड्रायव्हरांना वाचता येत नव्हता, आणि पाण्याची सवय सुटत नव्हती. हुकूम आहे, बोर्ड आहे, मग आता काय करायचे, म्हणून मी पुन्हा अर्जाचा मसुदा जुळवू लागलो. काकांनी तो वाचलाच नाही. त्यांनी माठ उचलला, हातगाडीवर ठेवला आणि बाहेरच्या रस्त्याच्या वळणावर एका आंब्याखाली नेऊन ठेवला. शेजारी दुसरा माठ आणला. रोज सकाळी खानवेल अप आल्यावर ते तिकडे जाऊन दोन्ही भरत. ट्रक हळूहळू पाण्यामागे गेले. आमच्या चिंचेखाली मुले खेळू लागली. आराखड्यात हे कुठेच नव्हते.

काकांनी समोरच्या जमिनीचे तुकडे करून विकले, त्यांतला एक मी घेतला आणि कर्ज काढून त्यावर घर बांधले. आता सकाळी काकींना समोर जी चूल दिसायची ती आमची, फक्त ती गॅसची होती. काकी म्हणाल्या, "चालेल."

नव्वदचे दशक अर्धे सरले होते तेव्हा काकांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांची मुलगी त्यांना डहाणूला घेऊन जायला आली. तिच्या खिडकीतून रूळ दिसतो, असे ती म्हणाली. काका लगेच तयार झाले.

सामान न्यायला ट्रक आला. बांबूसमोर थांबला. ड्रायव्हर जुना, ओळखीचा; त्याने सवयीने कागद बाहेर काढले. "चाचा, अंदर लूँ?"

मुलीबरोबर आलेला जावई म्हणाला, "बाबा, आजच्या दिवस येऊ द्या आत. कपाट आहे, ट्रंका आहेत."

मीही म्हणालो, "काका, आज कोणी काही म्हणणार नाही."

काका बोर्डाकडे बघत म्हणाले, "तो काय म्हणतो?"

झाले. अख्खी गल्ली कामाला लागली. कपाट चौघांनी उचलले, ट्रंका दोघादोघांनी. मुलांनी भांडी वाजवत नेली. माझ्या वाट्याला काकींचा पाटा-वरवंटा आला, आणि माझी कंबर पुढे बरेच दिवस त्याची आठवण काढत होती. काकी रिकाम्या हाताने चालत सगळ्यांना सूचना करत होत्या, "जन्मभर लोकांना ताटकळत ठेवलं, आणि आता जाता जाता हमाली करून घेतली! सांभाळून, त्यात लोणचं आहे!"

शेवटी खाट राहिली. ती काकांनी कोणाला उचलू दिली नाही. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी. बांबूपाशी आलो. मी दोरी ओढून तो वर करणार, तर काका म्हणाले, "थांब." पलीकडून मुले शाळेतून परत येत होती. त्यांच्यासाठी बांबू वर करायची गरज नव्हती, ती खालून जातच होती. पण काका खाट धरून उभे राहिले आणि शेवटचे मूल घरात शिरल्यावरच म्हणाले, "हं, आता."

हिरवी झेंडी काकींनी पापडांसाठी बरोबर नेली. लाल मला दिली.

ट्रक सुरू झाला तशी काकांनी केबिनमधून मान बाहेर काढली. "भाऊ, किती वाजले?"

माझ्या हातात घड्याळ होते. मी ते बघितले नाही.

"खानवेल डाउन येईल आता," मी म्हणालो.

"मग बघत काय राहिलास?" ते आतून ओरडले. "माणसं निघतील. बांबू खाली घे!"

मी बांबू खाली घेतला.